गोळी देताना सांगायचं राहून जातं ते

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. केज तालुक्यातलं नांदूरघाट आणि बालाघाटातली आसपासची खेडीही त्यात असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता. सोबत भांडीकुंडी, बाजरीचं पीठ, लहान मुलं आणि एका पिशवीत गोळ्या. अंगदुखीच्या, तापाच्या, पित्ताच्या, पाळी पुढे ढकलायच्या. फडाजवळ दवाखाना नसतो आणि एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून गोळ्या आधीच घेऊन ठेवायच्या. दुकानदार पट्टीतून चार-सहा कापून देतो. दिवसातून किती आणि जेवणाआधी की नंतर, एवढंच बोलणं होतं. कधी तेही होत नाही.

दुखायच्या गोळ्यांचंच घ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफेनॅक ही औषधं शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती रोखून दुखणं कमी करतात. अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरण्याचं काम हीच रसायनं करतात. म्हणजे उन्हात घाम गाळणाऱ्या आणि दिवसभर पुरेसं पाणी न मिळणाऱ्या माणसाने ही गोळी रोज घेतली, तर ऐन गरजेच्या वेळी मूत्रपिंडाचा आधार काढून घेतला जातो. उपाशीपोटी घेतली तर जठराला जखम होते ती वेगळीच. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांमध्ये आढळणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजाराचा गेली काही वर्षं अभ्यास चालू आहे. त्यात उष्णता आणि पाण्याची कमतरता यांच्यासोबत या वेदनाशामकांवरही संशय घेतला जातो. औषधशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात या गोष्टी आहेत. गोळी देणाऱ्याला त्या ठाऊक असतात, निदान असायला हव्यात. गोळी घेणाऱ्या बाईपर्यंत मात्र त्या पोहोचत नाहीत. हे पुस्तक या अंतराविषयी आहे.

नांदूरघाटला सरकारी दवाखाना आहे, केजला उपजिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे औषधं पोहोचतात. त्यांच्याबरोबर यायला हवी ती माहिती वाटेत कुठे गळते, हा प्रश्न मुंबई-पुण्यातल्या महागड्या रुग्णालयांनाही विचारता येतो. पण तो खेड्यातून विचारला की जास्त स्पष्ट दिसतो. शहरातला रुग्ण निदान मोबाइलवर औषधाचं नाव टाकून बघतो, चार ठिकाणी विचारतो. कापून दिलेल्या पट्टीवर नावही अर्धंच उरलेलं असतं.

आधी विषयाची हद्द आखून घ्यायला हवी, कारण बोलताना सगळं एकत्र होतं. ‘रिॲक्शन आली’, ‘औषध उष्ण पडलं’, ‘गोळी लागू झाली नाही’ या तीन तक्रारींमागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या आणि अजूनही वापरल्या जाणाऱ्या व्याख्येनुसार, नेहमीच्या मात्रेत घेतलेल्या औषधाने झालेला, हानिकारक आणि मनात नसलेला परिणाम म्हणजे दुष्परिणाम. औषध चांगलं आहे, मात्रा बरोबर आहे, तरीही काहीतरी होतं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले तो प्रकार वेगळा होता. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणात कारखान्यापासून मंत्रालयापर्यंतची सडलेली साखळी उघडी केली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचा बळी गेला. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. विष तेच होतं. अंबाजोगाईच्या रुग्णालयाला पुरवलेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट निघाल्याचं प्रकरण २०२४ च्या अखेरीस पोलिसांत गेलं, तो तिसरा प्रकार. भेसळ, बनावट आणि दुष्परिणाम यांचे कायदे वेगळे, गुन्हेगारही वेगळे. दुष्परिणामाच्या बाबतीत तर बऱ्याचदा गुन्हेगार कुणीच नसतो. न सांगणं हा मात्र दोष असतो.

दुष्परिणामही सगळे एका मापाचे नाहीत. क्षयाच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लाल होते. त्याने काही बिघडत नाही. पण आधी सांगितलं नसेल तर माणूस रक्त गेलं म्हणून घाबरतो आणि गोळ्या बंद करतो. अर्धवट सोडलेल्या उपचाराने जंतू औषधाला जुमानेनासे होतात. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, पोट जड होतं. गरोदर बाईला कुणी आधी बोललं नसेल तर त्या गोळ्या फडताळातच राहतात आणि नोंदवहीत ‘दिल्या’ म्हणून लागतात. दुसरीकडे, त्याच क्षयाच्या उपचारातल्या इथॅम्ब्युटॉलने क्वचित नजरेवर परिणाम होतो, लाल-हिरव्या रंगांतला फरक कळेनासा होतो. हे वेळीच सांगितलं तर औषध थांबवून डोळे वाचवता येतात. मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने एकादशीला किंवा रोज्याला गोळी तशीच घेऊन जेवण सोडलं, तर साखर धोकादायक खाली जाते. हे टाळायला यंत्र लागत नाही, एक वाक्य पुरतं. घरात पूजा आहे, वारीला जायचं आहे म्हणून पाळी पुढे ढकलायला घेतलेली नॉरएथिस्टेरॉन ही निरुपद्रवी गोळी समजली जाते. पण पूर्वी पायाच्या शिरांत गुठळी झालेल्या बाईने ती विचारल्याशिवाय घ्यायची नसते. डॉक्सिसायक्लिन घेऊन दिवसभर रानात राबलं तर उन्हाने कातडी भाजते. सर्दीच्या क्लोरफेनिरामिनने झोप येते, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सांगायलाच हवं.

बीड जिल्ह्याला हा प्रश्न औषधाच्या आधी शस्त्रक्रियेच्या रूपात भेटला. २०१९ मध्ये, ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण देशभर गाजलं. जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांच्या पाहणीचा आधार घेतला. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. अनेकींचं वय चाळिशीच्या आत होतं. त्यामागे पैशाचं, मुकादमाचं, खाड्याचं आणि कर्करोगाच्या भीतीचं राजकारण आहे, ते या पुस्तकाच्या विषयापेक्षा मोठं आहे. पण पाहणीतून आणि वार्तांकनातून पुढे आलेली एक गोष्ट इथे थेट लागू होते. गर्भपिशवीसोबत बीजांडकोशही काढले तर रजोनिवृत्ती तिशीतच येते, हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग, झोप न लागणं, सांधे धरणं मागे लागतं, हे त्यांतल्या अनेकींना टेबलावर जाण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. नंतर या त्रासांवर पुन्हा गोळ्या आल्या, आणि त्यांच्याविषयीही फारसं कुणी बोललं नाही.

सर्वोच्च न्यायालयात रुग्णाच्या संमतीवर सर्वांत मूलभूत निकाल आला तो याच शस्त्रक्रियेच्या प्रकरणात. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, १६ जानेवारी २००८. तपासणीसाठी भूल दिलेल्या अविवाहित स्त्रीचं गर्भाशय आणि बीजांडकोश तिच्या आईच्या होकारावर काढले गेले होते. न्यायालयाने म्हटलं की रुग्ण शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकत असताना दुसऱ्या कुणाची संमती चालणार नाही. उपचाराचं स्वरूप, हेतू, पर्याय, लक्षणीय धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, हे सांगूनच संमती घ्यायला हवी. त्याच निकालात न्यायालयाने डॉक्टरांना एक सूटही दिली. दूरचे, केवळ शक्यतेतले आणि रुग्णाला घाबरवून सोडतील असे धोके सांगण्याची सक्ती नाही. भारतातली या विषयावरची बरीचशी चर्चा अजून त्या सुटीभोवती फिरते, आणि या पुस्तकातले काही लेखक तिच्याशी असहमत आहेत.

ही चर्चा जगात सुरू झाली ती औषधांच्या अपघातांमधून. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेली थॅलिडोमाइडची गोळी गरोदर बायकांच्या मळमळीवर दिली गेली आणि हजारो मुलं हात-पाय खुंटलेली जन्मली. १९६१ च्या अखेरीस ती मागे घेतली गेली. त्यानंतर औषधांवर पाळत ठेवणारी यंत्रणा देशोदेशी उभी राहिली. ब्रिटनने १९६४ मध्ये डॉक्टरांसाठी दुष्परिणाम कळवायचं पिवळं कार्ड आणलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय नोंदणी सुरू केली आणि १९७८ पासून तिचं काम स्वीडनमधल्या उप्सालातून चालतं. जपानमध्ये क्लायोक्विनॉलने सुमारे दहा हजार लोकांच्या मज्जातंतूंना इजा झाली, तेव्हा १९७० मध्ये तिथे त्यावर बंदी आली. त्याच घटकाच्या हगवणीवरच्या गोळ्या भारतीय घरांतल्या कपाटांत पुढेही बरीच वर्षं राहिल्या. पण हे सगळं डॉक्टर, कंपनी आणि सरकार यांच्यातलं होतं. रुग्णाच्या हातात छापील कागद पडला तो अमेरिकेत, १९७० मध्ये, गर्भनिरोधक गोळीच्या निमित्ताने. सिनेटमध्ये गोळीच्या धोक्यांवर सुनावणी चालू असताना सभागृहातल्या बायकांनी उठून विचारलं होतं की आम्हाला का सांगितलं नाही. त्यानंतर पाकिटात माहितीपत्रक घालणं बंधनकारक झालं. युरोपने १९९२ मध्ये सर्वच औषधांसाठी रुग्णाला समजेल असं पत्रक आवश्यक केलं.

महाराष्ट्रातही या विषयाला बायकांनीच तोंड फोडलं, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी सांगितली गेलेली नाही. ऐंशीच्या दशकात, पाळी चुकली की गर्भ राहिला का हे बघायला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या आणि इंजेक्शनं सर्रास दिली जात. गर्भ असलाच तर त्यात व्यंग निर्माण होण्याचा धोका त्यांत होता. औषध नियंत्रकांनी १९८२ मध्ये बंदीचं पाऊल उचललं, तर कंपन्यांनी उच्च न्यायालयांतून स्थगिती आणली. मेडिको फ्रेंड सर्कल, अखिल भारतीय ड्रग ॲक्शन नेटवर्क, महाराष्ट्रातली लोकविज्ञान संघटना आणि स्त्री संघटनांनी हा विषय लावून धरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुंबईसह चार शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि जून १९८८ मध्ये बंदी आली. औषध चांगलं की वाईट हे ठरवताना ते घेणाऱ्या बायकांनी आणि सामान्य नागरिकांनी सरकारी मंचावर उभं राहून बोलावं, हे तोवर या देशात जवळपास ऐकिवात नव्हतं.

त्याच काळात नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाचा वाद झाला. १९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पटनचेरूत त्याच्या चाचण्यांच्या शिबिरात आलेल्या बायकांना, आपल्यावर चाचणी होते आहे हेच माहीत नव्हतं. स्त्री शक्ती संघटना, सहेली, चिंगारी या गटांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. प्रकरण २००० साली निकाली निघालं, तेव्हा हे इंजेक्शन सरसकट कुटुंब नियोजन कार्यक्रमात वापरणं योग्य नाही हे सरकारने मान्य केलं. आज, दुसऱ्या रसायनाचं पण त्याच जातीचं ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी केंद्रांत मोफत मिळतं. त्याने पाळी अनियमित होते, काहींची बंद होते. आशाताईंनी हे आधी सांगितलेलं असेल तर बाई निर्धास्तपणे पुढचा डोस घेते किंवा विचार करून नाही म्हणते. सांगितलेलं नसेल तर घरात कुजबुज सुरू होते आणि ती दवाखान्याचं तोंड पाहत नाही. चाळीस वर्षांपूर्वीची मागणी बंदीची होती, तरी तिच्या मुळाशी सांगण्याची मागणी होती. ती आजही तितकीच लागू आहे.

लोकविज्ञान संघटनेच्या वाटेने औषधांच्या तर्कशुद्ध वापराचा एक मराठी प्रवाह तयार झाला. डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातल्या औषधपुरवठ्याचा आणि वापराचा केलेला अभ्यास १९९८ मध्ये पुस्तकरूपाने आला. गरज नसलेली इंजेक्शनं, टॉनिकं आणि मिश्रणं यांवर किती खर्च होतो हे त्यात जिल्ह्याच्या पातळीवर दाखवलं होतं. डॉ. श्याम अष्टेकरांच्या ‘भारतवैद्यक’ने गावातल्या कार्यकर्त्याच्या हाती मराठीत वैद्यक दिलं. या प्रवाहाचं म्हणणं असं, की दुष्परिणामाची माहिती देण्याआधी अनावश्यक औषधच देऊ नका. तापात लावलेलं सलाईन आणि अंगदुखीला दिलेलं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन यांचा सर्वांत मोठा धोका हाच, की त्यांची बऱ्याचदा गरज नसते. हा मुद्दा मोलाचा आहे. पण गरजेच्या औषधांचाही धोका असतो, आणि तिथे हा प्रवाह थोडा लवकर थांबतो.

कायद्याचा प्रवाह निराळा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला त्याची कागदपत्रं नाकारता येणार नाहीत असं म्हटलं. अनुराधा साहा यांचा मे १९९८ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात मृत्यू झाला. त्याआधी कोलकात्यात त्यांना डेपोमेड्रॉल या स्टेरॉइडचे दिवसातून दोन वेळा ८० मिलिग्रॅमचे डोस सुचवले गेले होते. हे औषध एकदा दिल्यावर आठवडा-दोन आठवड्यांच्या अंतराने द्यायचं असतं. त्यांच्या पतीच्या पंधरा वर्षांच्या लढ्यानंतर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटींची भरपाई ठरवली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या सतरा हक्कांची सनद मांडली, माहितीचा हक्क त्यात पहिल्या काही कलमांत आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नियमांत दुरुस्ती करून सनद दर्शनी भागात लावणं आवश्यक केलं. भिंतीवर ती लागलीही आहे, काही ठिकाणी फ्रेममध्ये. पण कायद्याची भाषा शस्त्रक्रियेच्या टेबलासाठी घडलेली आहे. सहीचा कागद तिथे असतो. औषधाच्या चिठ्ठीवर रुग्णाची सही नसते, आणि भारतात बहुतेक उपचार होतात ते या चिठ्ठीवर.

तिसरा प्रवाह नोंदणीचा. भारताचा औषधनिगराणी कार्यक्रम जुलै २०१० मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये सुरू झाला आणि २०११ मध्ये गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे गेला. वैद्यकीय महाविद्यालयांमधल्या केंद्रांतून नोंदी गोळा होतात, संशय वाढला की सूचना निघते. पाळीच्या दुखण्यावर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या मेफेनामिक ॲसिडविषयी नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अशी सूचना निघाली. काही रुग्णांत ताप, पुरळ आणि आतल्या अवयवांना सूज आणणारी गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असं त्यात होतं. बातमी दोन दिवस टीव्हीवर गाजली, अर्धी भीती आणि अर्धा गोंधळ पसरवून विरली. ज्या बायकांना सांगायला हवं होतं त्यांना सांगणारं माणूस मात्र साखळीत नव्हतं. पायोग्लिटाझोनच्या वेळीही असंच झालं. जून २०१३ मध्ये सरकारने मधुमेहाचं हे औषध थांबवलं, डॉक्टरांच्या विरोधानंतर जुलैअखेर पुन्हा चालू केलं आणि मूत्राशयाच्या कर्करोगाच्या धोक्याचा इशारा पाकिटावर घालायला सांगितलं. इशारा छापला गेला. मराठीत मात्र तो आला नाही.

आपल्याकडे डब्यातलं घडी घातलेलं पत्रक डॉक्टरसाठी लिहिलेलं असतं, इंग्रजीत असतं आणि पट्टी कापून विकली जाते तेव्हा ते दुकानातच राहतं. ऑगस्ट २०२३ पासून तीनशे प्रमुख ब्रँडवर क्यूआर कोड आला. तो औषध खरं आहे की बनावट हे सांगतो, बॅच आणि मुदत सांगतो. दुष्परिणामाविषयी त्यात काही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा बाटल्यांवर छापायला सांगितलं. छिंदवाड्यातल्या त्या औषधात हेच मिश्रण होतं. विष नसतं तरी इतक्या लहान मुलांना ते द्यायचं नव्हतं. हे एका आईला जरी वेळेवर कळलं असतं तर, हा विचार पुस्तक वाचताना पुन्हा पुन्हा मनात येतो.

औषधदुकानाकडे या पुस्तकाने जितकं लक्ष दिलं आहे तितकं मराठीत क्वचितच दिलं गेलं असेल. १९४८ च्या फार्मसी कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टलाच औषध देता येतं, आणि २०१५ च्या नियमांनी रुग्णाला समजावून सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरवलं. २०१२ च्या सुमारास महेश झगडे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे आणि बिल दिलंच पाहिजे यासाठी कारवाया झाल्या. विक्रेत्यांच्या संघटना रस्त्यावर आल्या. त्या वादात रुग्णाला काय मिळायला हवं याची चर्चा फार कमी झाली, फार्मासिस्टच्या सहीची आणि परवान्याचीच जास्त झाली. खेड्यात डॉक्टरपेक्षा औषधवाला जास्त वेळा भेटतो. तो शिकलेला असेल आणि बोलला, तर निम्मं काम तिथेच होतं.

डॉक्टरांची बाजूही इथे मन लावून ऐकली आहे, आणि ती ऐकायलाच हवी. सकाळच्या ओपीडीत समोर शंभर माणसं रांगेत असताना प्रत्येक गोळीचे वीस परिणाम कसे सांगणार? सांगितल्यावर रुग्णाने औषधच टाकून दिलं तर? ही भीती निराधार नाही. ब्रिटनमध्ये १९९५ मध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका ‘दुप्पट’ होतो असा इशारा निघाला. प्रत्यक्षात तो सात हजारांत एकीवरून सात हजारांत दोघींवर गेला होता. घाबरून हजारो बायकांनी गोळी सोडली आणि पुढच्या वर्षी गर्भपात सुमारे तेरा हजारांनी वाढले. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या त्रासामुळे सोडलेल्या साठ जणांवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात दिसलं, की गोळीने होतो असं वाटणारा नव्वद टक्के त्रास नुसत्या साखरेच्या गोळीनेही होत होता. म्हणजे सांगण्यानेही इजा होऊ शकते.

पण यातून गप्प बसण्याचा निष्कर्ष निघत नाही. संपूर्ण यादी वाचून दाखवणं आणि काहीच न सांगणं, या दोहोंमध्ये बरीच जागा आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या माँटगोमेरी निकालात कसोटी बदलली ती याच जागेसाठी. एरवी डॉक्टर काय सांगतात हा प्रश्न बाजूला पडला आणि समोरच्या या रुग्णाला काय कळणं महत्त्वाचं आहे, हा प्रश्न पुढे आला. नांदूरघाटच्या कोयत्याला वेदनाशामकाच्या पत्रकातल्या चाळीस ओळींची गरज नाही. उन्हात असताना भरपूर पाणी प्या, जेवल्यावर घ्या, रोज सलग घेऊ नका, लघवी कमी झाली किंवा शौच डांबरासारखी काळी झाली तर थांबवा आणि दवाखान्यात या. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. मात्र त्यासाठी समोरचा माणूस काय काम करतो हे आधी विचारावं लागतं. ‘दुप्पट’ न म्हणता ‘हजारांत किती’ असं सांगायची सवयही लावून घेता येते.

विषयाच्या कडेला असलेल्या दोन गोष्टी पुस्तकाने टाळल्या नाहीत, याचं विशेष वाटतं. पहिली आयुर्वेदाची. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. कोरोनाच्या काळात घरोघरी काढे उकळले गेले, तेव्हा ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे गृहीतच होतं. कोण बरोबर हे ठरवण्यासाठीही नोंद लागते, आणि नोंद करण्यासाठी औषध घेतल्याचं डॉक्टरला सांगावं लागतं. दुसरी गोष्ट क्षयाची. मुंबई परिसरातल्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती २०१३ मध्ये क्षयाच्या उपचारातल्या इंजेक्शनाने गेली. पुढे त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा टिसिले यांच्यासोबत बेडाक्विलिन या नव्या, तोंडाने घ्यायच्या औषधाच्या पेटंटच्या मुदतवाढीला आव्हान दिलं. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने ती मुदतवाढ नाकारली. दुष्परिणाम भोगलेला रुग्ण औषधाच्या धोरणातला जाणकार होऊ शकतो, याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नाही.

हे पुस्तक औषधकोश नाही. कोणती गोळी घ्यावी, कोणती सोडावी हे यात शोधू नये, आणि वाचून कुणी चालू औषध परस्पर बंद करू नये. लेखकांत डॉक्टर आहेत, फार्मासिस्ट, वकील, आशा कार्यकर्त्या आणि काही रुग्णही आहेत. त्यांचं एकमेकांशी सगळीकडे पटत नाही, संपादकांनी ते पटवून घेण्याचा आग्रहही धरलेला नाही. सगळ्यांना जोडणारी भूमिका एकच आहे. माहिती हा उपचाराचा भाग मानायचा, सौजन्य किंवा उपकार नाही. ती गोळीबरोबर, मराठीत, गोळी हातात पडते त्याच ठिकाणी मिळाली पाहिजे. लसींच्या दुष्परिणामांची भरपाई हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय असल्याने इथे त्याला केवळ स्पर्श आहे. जेकब पुलियेल प्रकरणात २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीनंतरच्या घटनांची माहिती लोकांसमोर ठेवायला सांगितलं, तिथपर्यंतच ही चर्चा जाते.

शेवटची काही पानं कामाची आहेत. चिठ्ठी घेऊन उठण्याआधी विचारायचे प्रश्न तिथे आहेत. औषधाचं नाव काय, कशासाठी, किती दिवस, कोणता त्रास झाला तरी चालेल आणि कोणता झाला तर लगेच यायचं, माझ्या दुसऱ्या गोळ्यांबरोबर चालेल का, उपवासाला काय करायचं. औषधनिगराणी कार्यक्रमाचा रुग्णांसाठीचा अर्ज कसा भरायचा हेही आहे. तो मराठीतही मिळतो. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही कळवता येतं. त्रास त्या औषधानेच झाला अशी खात्री असण्याची गरज नाही, संशय पुरतो. औषधाचं नाव, कधी सुरू केलं, काय झालं, एवढं लक्षात असावं लागतं. त्यासाठी पट्टीचा नाव आणि बॅच क्रमांक असलेला तुकडा जपून ठेवावा, आणि दुकानदाराने तो भाग कापून ठेवला तर मागून घ्यावा.